तिसऱ्या शिफ्टचं पोट

१९४८च्या कारखाना कायद्यात कामगाराच्या पोटाची दखल घेणारी दोन कलमं होती. जिथे २५०पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन हवं, असं ४६वं कलम सांगायचं. कुणाकडूनही सलग ५ तासांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी, असं ५५वं. पुढे २०२०च्या कामगार संहितेने कॅन्टीनची अट १०० कामगारांवर आणली. ताटातलं किती वेळात पोटात जावं, हा मात्र कायद्याचा विषय कधीच नव्हता.

तो अर्धा तास प्रत्यक्षात कसा जातो, हे पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. लाइन थांबली की ग्लोव्हज काढायचे, सेफ्टी शूज घालूनच शॉपच्या दुसऱ्या टोकाच्या कॅन्टीनकडे चालत सुटायचं, हात धुवायचे, कार्ड पंच करायचं, रांगेत उभं राहायचं. ताट हाती येईतो निम्मा वेळ सरलेला असतो. मग चार चपात्या, मटकीची उसळ, फ्लॉवर-बटाटा, आमटी आणि भाताचा ढीग आठ-दहा मिनिटांत आत जातो, कारण त्याच सुट्टीत घरी फोन करायचा असतो, बाथरूमला जायचं असतं, तंबाखू मळायची असते. रात्रपाळीत हाच कार्यक्रम पहाटे दीड-दोनला होतो.

या पट्ट्यात पोटाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाणारा पहिला प्रश्न विचारतो तो, ‘काय बंद करू?’ कुणी मसाला बंद करतो, कुणी गहू, कुणी दूध, कुणी एकदम सगळंच. या प्रकरणात मी क्रम उलटा धरणार आहे. कधी आणि कसं खातो हे आधी, तपासणी त्यानंतर, आणि काय बंद करायचं हे सगळ्यात शेवटी. त्यातही थोड्या दिवसांपुरतंच आणि एका वेळी एकच.

इथल्या ताटाचा इतिहास फार जुना नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्यामागून मोटारी आणि स्कूटरींचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. त्या पिढीचा कामगार खेड, जुन्नर, आंबेगाव, सातारा, नगर इकडून आला, चाळीत किंवा पुढे प्राधिकरणात बिऱ्हाड करून राहिला आणि घरचा डबा घेऊन कामाला गेला. कंपनीत कॅन्टीन असलं तरी घरी भाकरी थापणारं कुणीतरी होतं. चाकणची गोष्ट वेगळी. तिथे मोठे वाहन कारखाने प्रामुख्याने या शतकात आले. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचे तिथले कारखाने २००९ साली सुरू झाले. आज महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत खोल्याच खोल्या आहेत. कॉट बेसिसवर चार-सहा पोरं एका खोलीत, बहुतेक कंत्राटी किंवा ट्रेनी, कुणी लातूर-परभणीचा, कुणी यवतमाळचा, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचा. एक वेळ कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आणि एक वेळ मेसवर. दोन्ही स्वयंपाकघरांत त्यांचं काही चालत नाही. मराठवाड्यात ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला पोरगा वर्षभरात तिन्ही त्रिकाळ गव्हावर येतो: सकाळी पाव किंवा बिस्किटं, दुपारी चपाती, रात्री पुन्हा चपाती. हा बदल त्याच्या लक्षातही येत नाही.

शिफ्टचा फरक मात्र त्याला जाणवतो.

आतड्यांना दिवस-रात्र कळते. सकाळच्या मानाने रात्री जठर घन अन्न सावकाश पुढे ढकलतं. मोठं आतडं झोपेच्या वेळी जवळजवळ निश्चल असतं आणि जाग आल्यावर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर, हालचालीला लागतं. बहुतेकांना सकाळीच कळ का येते, याचं उत्तर यात आहे. दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी शिफ्ट फिरणाऱ्या माणसाच्या आतड्याला हे वेळापत्रक कधी सापडतच नाही. मेंदू जागा राहायला शिकतो, आतडं मागे राहतं. अमेरिकेतल्या परिचारिकांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात पोटदुखी आणि शौचाच्या बिघडलेल्या सवयींचा जो विकार ‘आयबीएस’ म्हणून ओळखला जातो, तो दिवसपाळीवाल्यांपेक्षा फिरत्या पाळीवाल्यांत बराच जास्त आढळला. कायम रात्रपाळी करणाऱ्या त्या दोन्हींच्या मध्ये होत्या. झोप कमी पडते म्हणून हे होत असेल, ही शंका त्या अभ्यासकांनाही होती. पण झोपेचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला.

शिफ्ट बदलणं कामगाराच्या हातात नसतं. जेवणाची मांडणी थोडीफार असते. थर्ड शिफ्टला जाणाऱ्याने मुख्य जेवण रात्री आठ-साडेआठला, ड्यूटीवर निघण्याआधी करावं. पहाटेच्या सुट्टीत कॅन्टीनचं पूर्ण ताट घेण्याऐवजी भात-आमटी किंवा दही-भात, तोही अर्धा. सकाळी सुटल्यावर खरी अडचण येते. कंपनीची बस सोडते त्या चौकात मिसळ आणि वडापावच्या गाड्या लागलेल्या असतात, रात्रभर राबलेल्या माणसाला भूक असते, आणि तर्रीची मिसळ खाऊन तो तासाभरात आडवा होतो. झोपेत लाळ गिळणं जवळपास थांबतं, त्यामुळे अन्ननलिकेत वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही. झोपण्याआधी दोन-तीन तास जड खाऊ नये, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. सकाळी सातला सुटणाऱ्याला तीन तास जागं राहा म्हणणं क्रूरपणाचं आहे, हे मलाही कळतं. त्याने वाटीभर उपमा किंवा इडली खाऊन झोपावं आणि मिसळ उठल्यावर खावी. कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू अर्धा फूट उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावं. उशीवर उशी ठेवल्याने नुसतं पोट दुमडतं, त्याचा उपयोग होत नाही.

एवढ्यानेच बऱ्याच जणांची रात्रीची जळजळ कमी होते. ज्यांची होत नाही, त्यांनी मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप घेऊन महिनोन् महिने गिळत बसू नये, कारण आपण ज्याला सरसकट अ‍ॅसिडिटी म्हणतो त्यात किमान तीन-चार निरनिराळे आजार असतात.

जठर आणि लहान आतड्याच्या अल्सरचं उदाहरण घ्या. आहाराने पोट बरं करण्याच्या इतिहासात एवढं बोधप्रद उदाहरण दुसरं नाही, आणि त्यातला एक अध्याय मुंबईत घडला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचे डॉ. सिपी अल्सरच्या रुग्णाला तासातासाला दूध आणि साय द्यायचे. हा पथ्याचा प्रकार जगभर अर्धं शतक चालला. आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६०च्या दशकात देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी केली. भात खाणाऱ्या दक्षिणेत अल्सर जास्त आणि पोळी-रोटी खाणाऱ्या उत्तरेत कमी, असं त्यांना दिसलं. पोळी जास्त चावावी लागते, लाळ जास्त मिसळते, असा त्यांचा तर्क होता. १९७८ साली त्यांनी आणखी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला: अल्सर बरा झालेल्या रुग्णांपैकी काहींना कोंड्यासह गव्हाचा आहार दिला, काहींना भाताचा, आणि पाच वर्षं पाठपुरावा केला. भातवाल्यांत अल्सर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. रेल्वेसारख्या नोकरीत माणसं वर्षानुवर्षं नजरेखाली राहतात, बदल्या देशभर होतात, नोंदी असतात. या सोयीचा एवढा नेमका उपयोग करणारा डॉक्टर विरळा, आणि मल्होत्रांचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

पण अल्सरचं मुख्य कारण ताटात नव्हतंच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या अस्तरात नागमोडी जिवाणू सापडले. १९८४ साली मार्शलनी ते जिवाणू स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या शोधाबद्दल दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. आता दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक उपचाराने तो अल्सर बरा होतो. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या, आणि ते आपल्या पट्ट्यात रोजचं आहे. आठ तास उभं राहून कंबर आणि पोटऱ्या भरून आलेला माणूस उपाशीपोटी डायक्लोफेनॅक घेतो, वर चहा पितो. या माणसाचं तिखट बंद करून काय साधणार?

तेव्हा आहाराच्या वाटेला लागण्याआधी काही लक्षणं नसल्याची खात्री करून घ्यायला हवी. शौचातून रक्त, काळं चिकट शौच, आपोआप घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, ताप, रक्तक्षय, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यातलं एकही असेल तर तपासणी आधी. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो सुरुवातीला साध्या पोटदुखीसारखा आणि अपचनासारखा वागतो. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पोटाचे तज्ज्ञ गाठायला थेट पुण्यात जावं लागतं अशी स्थिती राहिलेली नाही. सुट्टी बुडते, हजेरी भत्ता जातो, म्हणून कंत्राटी पोरगा जात नाही, ही गोष्ट वेगळी.

आता गहू. गव्हाशी खरं वैर असलेला आजार म्हणजे सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. नेदरलँड्सच्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे पाव मिळेनासा झाला, दुष्काळ पडला, आणि त्यांची ही आजारी मुलं उपासमारीतही सुधारली. पाव परत आल्यावर ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी हे प्रबंधात मांडलं.

भारतात या आजाराची मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के लोकांत तो आढळला. या आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. उत्तर-दक्षिणेत मोठा फरक गव्हाचा होता: उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. ज्वारीच्या प्रदेशातून येऊन गव्हाच्या ताटावर बसलेल्या पोरांबद्दल हे आकडे मला विचार करायला लावतात. अर्थात, जनुक असणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच आजार होतो, त्यामुळे चपातीला घाबरायचं कारण नाही. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, सततचे सैल जुलाब, घटतं वजन अशा तक्रारी असतील तर डॉक्टरला या आजाराचं नाव सुचवून पाहायला हरकत नाही. रक्तात टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं पाहतात, मग दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासतात. या दोन्ही तपासण्यांआधी गहू खात राहावा लागतो. कुणाच्या सांगण्यावरून दोन महिने चपाती सोडून मग तपासायला गेलेल्याचा अहवाल ठीक येऊ शकतो आणि आजार तसाच दडून राहतो. ‘आधी बंद करून बघू’ या सवयीचं सगळ्यात मोठं नुकसान हे.

सिलिअ‍ॅक ठरलाच, तर पथ्य जन्मभराचं आणि कडक. महाराष्ट्रात ते पाळणं युरोपपेक्षा सोपं आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या सगळ्यांत ग्लुटेन नाही. फसगत होते ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते आणि पिठात गव्हाचा अंश उतरतो. हे पथ्य असलेल्या घरात घरघंटी ही चैन उरत नाही. दुसरी फसगत हिंगाची. बाजारातल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरची बारीक अक्षरं वाचून तांदळाच्या पिठातला हिंग घ्यावा लागतो. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. चिमूटभर कणीक किती महागात पडू शकते याचा अंदाज यावरून यावा.

तपासण्या ठीक आल्या तरी चपातीने पोट फुगतंच, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा भास नसतो. नॉर्वेत अशा ५९ जणांना काही दिवस ग्लुटेन घातलेली, काही दिवस फ्रुक्टान घातलेली आणि काही दिवस यांपैकी काहीच नसलेली खाऊची वडी दिली, कोणती कुठली हे न सांगता. २०१८ साली निष्कर्ष आला: त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानने. फ्रुक्टान म्हणजे साखरेच्या रेणूंची छोटी साखळी. ती तोडणारं पाचकद्रव्य आपल्याकडे नाही, म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, वायू होतो. ज्याचं आतडं हळवं आहे त्याला तोच वायू कळ होऊन जाणवतो. आणि हे फ्रुक्टान गव्हापेक्षाही जास्त कुठे असेल, तर कांद्यात आणि लसणात.

इथे आपण पुन्हा चाकणला येतो, कारण मोटारींच्या आधी चाकण कांद्यासाठी प्रसिद्ध होतं आणि आजही खेड बाजार समितीच्या तिथल्या महात्मा फुले मार्केटमध्ये कांद्याची मोठी आवक होते. मिसळीवर चिरलेला कांदा, कांदापोहे, कांदाभजी, उसळीच्या वाटणात कांदा-लसूण. कॅन्टीनचा आचारी रस्सा दाट करायला दुसरं काही वापरतच नाही.

फ्रुक्टान, कडधान्यांतल्या तत्सम साखळ्या, दुधातली साखर, आंब्यासारख्या फळांतलं जास्तीचं फ्रुक्टोज आणि फ्लॉवर-मशरूममधलं मॅनिटॉल या सगळ्यांना मिळून फॉडमॅप असं नाव मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने २००५च्या सुमारास दिलं आणि त्यावर एक आहारपद्धती बसवली. ती तीन टप्प्यांची आहे: दोन ते सहा आठवडे हे सगळे पदार्थ कमी करायचे, मग एकेक परत आणून पाहायचा, आणि ज्याने खरोखर त्रास होतो तेवढाच आयुष्यात मर्यादित ठेवायचा. लोक पहिला टप्पा उचलतात आणि तिथेच घर करतात. वर्षभर कांदा, लसूण, गहू, डाळ, दूध, फळं टाळणारा माणूस वाळतो, आणि आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचीही उपासमार होते.

मराठी घराला पहिला टप्पा अवघड जाऊ नये. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून पुढचे चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं अजून आहेत. त्या घरांतल्या बायकांना हिंग-जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं, आलं, दाण्याचं कूट, आमसूल यांवर सबंध चातुर्मास काढता येतो. आधुनिक आहारतज्ज्ञ जे तक्ते छापून देतात त्यातला निम्मा भाग या स्वयंपाकघरात तोंडपाठ आहे. (चातुर्मासात गहू, दूध आणि डाळी चालतात, त्यामुळे दोन्ही एकच असं समजू नये.) आणखी एक युक्ती रसायनशास्त्राची. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास आणि चव तेलात राहते, त्रासदायक भाग पाकळीबरोबर बाहेर जातो. आमटीत उकळलेला लसूण नंतर वेचून काढला तर मात्र उपयोग नाही. मटकी, हरभरे, राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं, मोड आणले, तर त्यांतल्या साखळ्याही कमी होतात. मोड आणायची आपली जुनी रीत इथे कामी येते. मेसवाला घाईत भिजवलेल्याच पाण्यात कुकर लावतो, तिथे ती मार खाते.

स्वीडनमधला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१५ साली तिथे आयबीएसच्या ७५ रुग्णांचे दोन गट केले. एकाला चार आठवडे काटेकोर फॉडमॅप पथ्य, दुसऱ्याला फक्त साधा सल्ला: वेळेवर थोडं थोडं खा, सावकाश चावून खा, तेल-तूप आणि तिखट बेताने, चहा-कॉफी आणि सोडा कमी. दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांना सारखाच गुण आला. ज्याचं जेवण मेसवाल्याच्या हातात आहे त्याच्यासाठी हा निष्कर्ष मोठ्या दिलाशाचा आहे. ताटातला कांदा त्याला वेचता येणार नाही. दहा मिनिटांत चार चपात्यांऐवजी दोन चपात्या सावकाश खाणं, उरलेलं डब्यात भरून पुढच्या चहाच्या वेळी खाणं त्याला जमू शकतं. त्याला चमचाभर इसबगोलची जोड द्यावी. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि मात्रा हळूहळू वाढवायची. याचा उपयोग आहे. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचं पोट उलट फुगवतो.

दुधाचा हिशेब सोपा आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं द्रव्य बाळपण सरल्यावर बहुसंख्य मानवजातीत घटत जातं. १९८१ सालच्या एका भारतीय अभ्यासात दिल्लीकडच्या २७.४ टक्के आणि दक्षिणेतल्या ६६.६ टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नव्हतं. पण न सोसणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत चालून जातं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १० ग्रॅम असतं. कॅन्टीनच्या छोट्या कपातल्या चहात अडीच ग्रॅमही नसतं. चहातल्या दुधावर खापर फोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. काही कारखान्यांत धुळीच्या किंवा रंगकामाच्या विभागात कामगाराला दूध नाहीतर गूळ द्यायची जुनी पद्धत आहे. उपाशीपोटी तो पेला प्यायल्यावर ज्याला तासाभरात गुरगुर होते, त्याने गूळ निवडावा किंवा दूध जेवणाबरोबर घ्यावं. दह्यात जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि उरलेलं पचवायला ते आतड्यातही मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्याला ताक सोसतं. छातीत जळजळतं म्हणून गार दूध पिणारे मात्र फसतात. क्षणभर बरं वाटतं, मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

काहींचा त्रास कुठल्याच पदार्थापासून सुरू झालेला नसतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात लकवा आणणाऱ्या गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले, पिंपरी-चिंचवडमध्येही काही आढळले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू मिळाला आणि पाण्यावर संशय गेला. लकव्याची भीती सगळ्यांना कळली. तोच जिवाणू आणि तसे इतर जंतू जुलाब थांबल्यानंतरही आतडं हळवं करून जातात, हे कमी जणांना कळलं. अशा संसर्गानंतर दहांपैकी साधारण एकाला आयबीएस जडतो. ‘गेल्या पावसाळ्यात टँकरच्या पाण्याने जुलाब झाले, तेव्हापासून काहीच पचत नाही’ असं सांगणाऱ्याची गोष्ट म्हणूनच नीट ऐकावी. त्याला पूर्वी चाललेला कांदा आता चालत नसेल, तर कांदा बदललेला नाही. असा हळवेपणा पुष्कळांत हळूहळू ओसरतो, पण त्याला काही वर्षंही लागू शकतात. तोवर पाणी उकळून प्यावं.

कशाने त्रास होतो हे एका रक्तचाचणीत कळेल, अशी जाहिरात करणारी पॅकेजेस आता सगळीकडे मिळतात. शंभर-दोनशे पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं मोजून ती लाल-हिरव्या रंगांत छापून देतात. ही प्रतिपिंडं आपण तो पदार्थ खातो एवढंच दाखवतात, तो सोसत नाही असं नाही. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असं सांगितलं आहे. त्या पैशांत घरघंटीचा पहिला हप्ता भरता येतो.

त्यापेक्षा खिशातली डायरी बरी. तारीख, शिफ्ट, किती वाजता काय खाल्लं, झोप किती, त्रास कधी, शौच कसं. शिफ्टचा रकाना गाळू नये. तीन-चार आठवड्यांनी पान उलटून पाहिलं की बऱ्याचदा दिसतं, त्रास मिसळीच्या दिवशी नव्हे, तर थर्डमधून फर्स्टला आल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत होतो. तसं दिसलं तर पदार्थ तोडायची गरजच नाही. त्या दोन दिवसांत जेवण हलकं ठेवायचं, बस.

आणि पदार्थ तपासायचाच असेल, तर कांदा परत आणण्याची रीत अशी. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात परीक्षा घ्यायची नाही. फर्स्टचा आठवडा निवडावा, झोप पुरी असावी, ताटातलं बाकी काही बदलू नये. पहिल्या दिवशी भाजीत शिजलेला चमचाभर कांदा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धा कांदा. मग तीन दिवस कुठलीच परीक्षा नाही, आणि त्यानंतर गहू. अशा परीक्षेतून पुष्कळांना कळतं की भाजीतला अर्धा कांदा आरामात चालतो आणि मिसळीवरचा कच्चा मूठभर चालत नाही. मिसळ खायची झाली तर गाडीवाल्याला ‘वरून कांदा नको’ एवढं सांगितलं की झालं.